शाळेच्या जुन्या फळ्यावरचं नाव: आमचे इमानवाले काकाजी

अडाणकाठ
राम राम मंडळी. दारव्ह्याच्या इकडचं आमचं खेडं, शाळाही तिथलीच. दिवाळीत घरी गेलो तेव्हा शाळेच्या जुन्या खोल्यांवरचे कवेलू उतरवणं चालू होतं. पाण्याच्या टाकीला टेकवून एक सागवानी फळा ठेवलेला दिसला, दाराएवढा. मजुरांनी त्यावर सिमेंट कालवलं होतं. ओल्या फडक्याने पुसत गेलो तर खालून पिवळ्या ऑइलपेंटची अक्षरं निघाली. वर 'वैयक्तिक विजेते', खाली सालं. १९५८ च्या रांगेत एकच नाव तीनदा: ४४० यार्ड, लांब उडी, हॉप-स्टेप-जंप (तिहेरी उडी). तिसऱ्यांदा लिहिताना पेंटरला जागा पुरली नाही, आडनावाचं शेवटचं अक्षर चौकटीवर चढलंय.

ते नाव आमच्या गावच्या इमानवाले काकाजींचं. शाळेनंतर हवाई दलात गेले, १९६५ आणि १९७१, दोन्ही लढायांत होते. परत आल्यावर गावात ऑइल इंजिन आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. २००९ मध्ये वारले. त्यांना मूलबाळ नव्हतं, घर पुतण्यांकडे आहे.

यंदा गॅदरिंगला त्यांच्या नावाने शर्यत ठेवायचं माजी विद्यार्थ्यांनी ठरवलंय. फ्लेक्सचा मजकूर ग्रुपवर आला, त्यात 'शत्रूची विमाने पाडणारे थोर वैमानिक' असं लिहिलंय. माझ्या माहितीप्रमाणे ते वैमानिक नव्हते. तसं बोललो तर दोघं-तिघं रागावले, "तू कायले त्यायले लहान करून राहिला" म्हणाले. म्हणून विचारतो, ते नेमके काय होते हे कुठून कळेल? आणि खात्री नसताना असं लिहावं का? घरच्यांना अजून विचारलेलं नाही म्हणून नाव इथे देत नाही.

मोतीबागेचा_पोट्टा
काकाजी! अरे राजा, कुठे नेलं मले एकदम. आमच्या बाबांचं इंजिन त्यांच्याकडेच दुरुस्त व्हायचं. त्यांच्या दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती काढली होती, काळ्या रंगात. ज्याचा पाना त्याच्याच आकृतीवर टांगायचा. संध्याकाळी भिंतीकडे नुसतं पाहिलं की कोणता गायब आहे ते समजे.

एकदा रात्री आठ वाजता सायकलने आमच्या वावरात आले. दहा नंबरचा पाना भिंतीवर नव्हता म्हणून. बाबा म्हणाले, काकाजी, सकाळी पाहू ना. ऐकलं नाही. कंदील धरायला लावला मला, इंजिनाचं झाकण उघडलं, पाना आत नव्हता. धुऱ्यावरच्या गवतात सापडला. मग चहा प्यायले. मी सात-आठ वर्षांचा असेन. "इंजिनात पाना राह्यला तर काय होते माहीत आहे का तुले?" असं विचारलेलं आठवते. उत्तर त्यांनी दिलं नाही, मी पण विचारलं नाही.

संत्रीवाली
'इमानवाले' म्हणजे प्रामाणिक म्हणून का? छान नाव आहे.

मोतीबागेचा_पोट्टा
@संत्रीवाली, नाही ओ ताई. आमच्याइकडे विमानाचं इमान होते. आमची आजी आभाळात आवाज आला की "इमान चाल्लं" म्हणून बाहेर यायची. पण तुम्ही म्हणता तेही लागू पडते त्यांना.

वऱ्हाडी_ठसका
माझं मत थोडं वेगळं आहे. गावातल्या पोरांना प्रेरणा मिळत असेल तर 'वैमानिक' लिहिल्याने काय बिघडतं? तो माणूस लढाईत होता, दोनदा होता. हवाई दलात होता. आता फिटर होता की पायलट होता, हा कीस काढून कोणाचं भलं होणार आहे? गावाला एक अभिमानाची जागा मिळाली तर मिळू द्या.

मास्तरीणबाई
@वऱ्हाडी_ठसका, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवते. मुलं शोधतात हो. आजकाल पाचवीतला मुलगा मोबाइलवर विचारतो की आपल्या गावच्या वैमानिकाचं नाव यादीत का नाही. त्या दिवशी काकाजींची खरी नोकरीसुद्धा त्याला खोटी वाटायला लागेल.

वऱ्हाडी_ठसका
हं. हा मुद्दा मी धरला नव्हता.

पुलगाव_पॅसेंजर
फळ्याचे फोटो टाका ना. १९५८ च्या आधीची सालं आहेत का? आमच्या शाळेत अशीच एक ढाल आहे, १९५५ ची, तिच्यावर 'मध्यप्रदेश' कोरलेलं आहे. नवीन सर म्हणाले ही ढाल चुकून आपल्याकडे आली असेल!

अडाणकाठ
१९५२ पासून आहेत. १९५२ ते ५६ च्या वरती 'जनपद सभा' (तेव्हाची स्थानिक स्वराज्य संस्था) असं बारीक अक्षरात आहे.

मास्तरीणबाई
@पुलगाव_पॅसेंजर, चुकून नाही आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशातच होतो, नागपूर राजधानी होती. मग द्विभाषिक मुंबई राज्य, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. काकाजी पाचवीत गेले तेव्हा एक राज्य, ४४० यार्ड जिंकले तेव्हा दुसरं, हवाई दलात गेले तोवर तिसरं. आणि बाक बहुतेक तोच.

खोखो_गडी
४४० यार्ड आणि १९५८! अरे, त्याच वर्षी मिल्खा सिंगांनी कार्डिफला ४४० यार्डाचं सुवर्ण घेतलं होतं, ४६.६ सेकंद. टोकियोच्या आशियाई स्पर्धेत २०० आणि ४०० मीटरही त्याच वर्षी. म्हणजे तिकडे ते धावत होते आणि इकडे आपला पोट्टा काळ्या मातीच्या मैदानात तेच अंतर धावत होता.

मी स्वतः चारशे धावलोय म्हणून सांगतो, ही शर्यत फार वाईट. शंभरात ताकद सांभाळायची गरज नाही, पंधराशेत विचार करायला वेळ मिळतो. चारशेत तिसऱ्या शंभरापर्यंत तुम्ही राजे असता, आणि शेवटच्या वळणावर मांड्या लाकडाच्या होतात. समोरची रेषा दिसते पण पाय येत नाही. तिथे जो चेहरा वाकडा न करता धावतो तो जिंकतो. त्यात एकाच दिवशी लांब उडी आणि हॉप-स्टेप-जंप म्हणजे टाचांचं काय झालं असेल? तेव्हा कुठे फोमच्या गाद्या आणि वाळूचे नीट खड्डे. नांगरलेल्या जमिनीत उडी.

तर्रीपोहा
आमचे आजोबा सांगायचे की दारव्ह्याचा एक जण शकुंतलेसोबत, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज गाडीसोबत, धावून तिच्या आधी स्टेशनात पोचायचा. तेच हे का?

मोतीबागेचा_पोट्टा
हो म्हणे, हेच. पण भाऊ, शकुंतलेला हरवणारे निम्मे यवतमाळ जिल्ह्यात आहेत. आमच्या आत्याने चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडली आणि परत त्याच डब्यात बसली.

तर्रीपोहा
😄 माझी आई मूर्तिजापूरची. ती म्हणते गार्ड ओळखीचा असेल तर तो बोरं तोडेपर्यंत थांबायचाही.

पुलगाव_पॅसेंजर
पुलगाव-आर्वीलाही तशीच नॅरोगेज होती. बंद पडल्या दोन्ही. जाऊ द्या, धागा भरकटवत नाही.

आट्यापाट्या_भक्त
थोडा भरकटवतो, माफ करा. विदर्भातल्या मैदानी खेळांवर बोलणं निघालं आणि अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आलं नाही तर बरं नाही. १९१४ चं मंडळ, वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या मुलांनी तिथे आपले देशी खेळ दाखवले. खेड्यापाड्यातल्या शाळांत जे पीटीचे सर यायचे, त्यातले कितीतरी तिथे शिकलेले. काकाजींना हॉप-स्टेप-जंप कोणी शिकवली असेल, ते नाव आता कोणत्याच फळ्यावर नसेल. त्या सरांचंही काही सापडलं तर लिहा.

जुना_वायुसैनिक
धागा दोन दिवसांपासून वाचतोय. मी हवाई दलात २० वर्षं होतो, सार्जंट म्हणून बाहेर पडलो. माझी नोकरी १९७१ नंतरची, त्यामुळे लढाईबद्दल माझं सगळं सीनियर लोकांकडून ऐकलेलं.

आधी हा घोळ मिटवू. हवाई दलात विमान उडवतो तो अधिकारी. फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर वगैरे. वायुसैनिक म्हणजे आम्ही: एसी (एअरक्राफ्ट्समन), एलएसी (लीडिंग एअरक्राफ्ट्समन), कॉर्पोरल, सार्जंट, पुढे वॉरंट ऑफिसर. आमच्यात कोणी एअरफ्रेम म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा फिटर, कोणी इंजिन फिटर, कोणी रेडिओ, कोणी आर्मामेंट म्हणजे शस्त्रांचा. विमान परत आल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत ते आमचं. वर असतं तेवढंच पायलटचं. फ्लेक्सवर 'वैमानिक' लिहिलं तर काकाजींनी जे केलं ते पुसलं जाईल आणि जे केलं नाही ते चिकटवलं जाईल. त्यांना यात मोठं केलं असं मला वाटत नाही.

भिंतीवरच्या पान्यांच्या आकृत्या वाचून माझ्या अंगावर काटा आला. ती आमच्या हँगरची पद्धत. एक पाना, एक स्क्रू-ड्रायव्हर जरी कमी भरला तरी ते विमान उडत नाही. सापडेपर्यंत सगळे थांबतात. कॉकपिटमध्ये राहिलेली वस्तू विमान उलटं झालं की कंट्रोलमध्ये जाऊन अडकते. माणूस मरतो. रात्री आठ वाजता सायकलने वावरात जाणं म्हणजे काय, हे मला समजतंय.

आता माहिती. त्यांनी १५ वर्षं पूर्ण केली असतील तर पेन्शन असणार, पेन्शनच्या कागदावर सर्व्हिस नंबर आणि हुद्दा असतो. घरात डिस्चार्ज बुक असेल तर त्यात ट्रेड, म्हणजे कामाचा प्रकार, लिहिलेला असतो. नसेल तर दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे, वायुसैनिकांची कागदपत्रं तिथे असतात. अर्ज वारसाने करायचा, बाहेरच्याला देत नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मदत मिळते. आणि सगळ्यात आधी पदकं बघा. गोल पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. मागे-पुढे नाही, जाडीवर. लोक वर्षानुवर्षं पदक सांभाळतात आणि ती कड वाचत नाहीत.

अडाणकाठ
दादा, दंडवत तुम्हाला. काकाजींच्या पुतणीशी आज फोनवर बोललो, ती वाशिमला असते. शनिवारी गावी येऊन ट्रंक उघडते म्हणाली.

वऱ्हाडी_ठसका
@जुना_वायुसैनिक, माझं आधीचं मत मागे घेतो. तरी एक विचारू? लोकांना 'फिटर' म्हटलं की नळफिटर आठवतो. पोरं हसतील त्याचं काय?

जुना_वायुसैनिक
हसणाऱ्या पोरांना मैदानात बसवा आणि ६५ ची गोष्ट सांगा. १ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. संध्याकाळी पठाणकोटहून जुनी व्हँपायर विमानं उडाली, त्यातली चार परत आली नाहीत. मोकळ्या जागेकडे बघत उभे राहतात ते फिटर. ६ तारखेला त्याच पठाणकोटवर हल्ला झाला, उभी विमानं जळाली. पायलट उडून वर तरी जाऊ शकतो. खाली दारूगोळ्याची गाडी घेऊन उभ्या असलेल्याने कुठे जायचं?

संत्रीवाली
माझं माहेर नागपुरात वायुसेना नगरजवळ. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय तिथेच आहे. इतकी वर्षं त्या फाटकावरून गेले, पण 'मेंटेनन्स' म्हणजे काय असेल असा विचारच केला नाही कधी. ऑफिस असेल म्हणून सोडून दिलं.

खोखो_गडी
सुब्रतो पार्कवरून आठवलं. सुब्रतो कप फुटबॉल, शाळांचा, तो हवाई दलच भरवतं, १९६० पासून. पहिले भारतीय हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने. म्हणजे शाळेचं मैदान आणि हवाई दल हे नातं जुनंच आहे. तुमच्या शर्यतीला कोणी 'हे काय नवीन' म्हटलं तर सांगायला बरं.

अडाणकाठ
शनिवार झाला. सविस्तर लिहितो.

काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर. आत वरती एक लोकरी मफलर, त्याखाली इनलँड पत्रांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, आणि फरसाणाच्या डब्यात पदकं. पुतणीने ती कधी हातात घेतली नव्हती. एकावर 'रक्षा मेडल १९६५', एकावर 'संग्राम मेडल', शिवाय एक तारा, 'पश्चिमी स्टार'. कडेवर काही दिसेना, नुसतं काळं. चिंच लावू का म्हणाली तर मी नको म्हटलं, सुक्या फडक्याने हळूहळू पुसलं आणि खिडकीत तिरपं धरलं. मग एकेक अक्षर उजेडात आलं. सहा आकडे, 'सीपीएल', आणि त्यांचं नाव. पुतणी खाली बसली. म्हणाली, एवढी वर्षं मी हा डबा धूळ झटकून परत ठेवत होते.

डिस्चार्ज बुकही मिळालं, वाळवीने कोपरा खाल्लाय पण पान शाबूत आहे. ट्रेड: आर्मामेंट फिटर.

जुना_वायुसैनिक
कॉर्पोरल, आर्मामेंट फिटर. जय हिंद.

पश्चिमी स्टार म्हणजे ७१ ला ते पश्चिम आघाडीवर होते, पूर्वेकडे असते तर पूर्वी स्टार मिळाला असता. कुठल्या तळावर, कुठल्या विमानावर, याचा काही धागा घरच्यांकडे आहे का?

मोतीबागेचा_पोट्टा
लोंगेवाला असेल! ५ डिसेंबरला जैसलमेरहून हंटर विमानांनी रणगाडे फोडले ना. टाकून द्या फ्लेक्सवर.

मास्तरीणबाई
अरे बाबा, थांब. आत्ताच एक खोटं काढलं, लगेच दुसरं लावतोस?

मोतीबागेचा_पोट्टा
चुकलो बाई. भरात लिहिलं.

काकाजींची_पुतणी
नमस्कार. अडाणकाठ दादांनी हा धागा दाखवला, खातं उघडून लिहिते आहे. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

मोठे बाबा लढाईचं फार बोलत नसत. कोणी पाहुणा आला आणि 'वैमानिक' म्हणाला की ते हातातलं काम ठेवून सांगत, "म्या इमान नाही उडवलं. उडाच्या लायक करून देल्लं." दर वेळी सांगत. आई म्हणायची, असू द्या ना भाऊजी, कशाला त्यांना तोडता. तरी सांगायचेच.

पत्रं काल रात्री वाचली. सगळ्यांवर पत्ता '५६ एपीओ' (लष्कराचं टपाल कार्यालय), गावाचं नाव कुठेच नाही. पावसाचं विचारलंय, बैलाच्या पायाचं विचारलंय, माझ्या बाबांच्या परीक्षेचं विचारलंय. डिसेंबर ७१ च्या एका पत्रात एवढंच आहे की "येथे वाळू फार आहे, भाकरीत पण येते. दिवसभर पेटी उतरवणे व चढवणे चालू आहे. हात चांगले आहेत, काळजी नसावी." पेटी म्हणजे काय ते आम्हाला कळलं नाही. ट्रंकच असेल असं बाबा म्हणतात.

शाळेतल्या पोरांना ते धावायला शिकवत हे मात्र मला पक्कं आठवतं. पहाटे पाच वाजता, बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर. हातात घड्याळ नाही, तोंडाने मोजत. शेवटच्या वळणावर ओरडायचे, "मुठी सोड! मुठी सोड!" मुठी आवळल्या की खांदे वर जातात म्हणत.

जुना_वायुसैनिक
ताई, पेटी म्हणजे ट्रंक नाही. मी पैज लावून सांगतो की ते हंटरवर होते.

हंटरच्या पोटात चार तोफा असत, ३० मिलिमीटरच्या एडन. त्या चारही तोफा आणि त्यांचा दारूगोळा मिळून एकच मोठी पेटी. विमान गोळ्या संपवून आलं की रिकामी पेटी विंचने सबंध खाली उतरवायची आणि आधीच भरून ठेवलेली दुसरी चढवायची. नळ्या विमानातच राहतात, पेटी तेवढी बदलते. एकेका तोफेत गोळ्यांचा पट्टा भरत बसलं असतं तर विमान किती वेळ उभं राहिलं असतं! पेटीमुळे ते काही मिनिटांत पुन्हा धावपट्टीवर. पट्ट्याच्या कड्या गोळा व्हाव्यात म्हणून नाकाखाली दोन फुगवटे असत, ते रिकामे करायचे. हे सगळं वाळूत. वाळूचा कण तोफेत गेला की तोफ अडकते, आणि ती वर गेल्यावर अडकते, जिथे आपला हात पोचत नाही.

७१ मध्ये पश्चिमेला हंटर पठाणकोटलाही होती, जैसलमेरलाही. वाळू म्हटल्यावर मलाही जैसलमेरच वाटतं. तिथे ५ तारखेला मोजकीच हंटर होती, जामनगरहून आलेली. रात्री त्यांना लढता येत नव्हतं म्हणून उजाडायची वाट पाहिली, आणि मग दिवसभर दोन-दोनच्या जोड्या जात-येत राहिल्या. मोजक्या विमानांनी एवढं काम केलं, कारण खाली कोणीतरी पेट्या बदलत होतं. पण बाई म्हणतात ते बरोबर आहे. पत्रात जैसलमेर लिहिलेलं नाही. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर येईपर्यंत 'पश्चिम आघाडी' एवढंच लिहा, ते पदकावर आहे.

"हात चांगले आहेत" हे वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो. डिसेंबरच्या पहाटे वाळवंटात थंड लोखंड हाताला झोंबतं. बोटं फुटतात. घरी तेवढंच कळवलं त्यांनी.

आट्यापाट्या_भक्त
म्हणजे चारशेचा गडी तिथेही चारशेच धावत होता. पुन्हा पुन्हा.

पुलगाव_पॅसेंजर
५६ एपीओच्या पत्रांबद्दल एक सांगतो. त्या काळी रात्रीची विमान-टपाल सेवा होती, १९४९ पासून. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपूरला सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्या अदलाबदल करायची आणि परत जायची. आमचे मोठे काका टपाल खात्यात होते, ते सांगायचे की हिवाळ्यात थैल्यांना हात लावला तर बर्फासारख्या लागायच्या. काकाजींचं एखादं पत्र त्या थैलीतून आलं असेलच.

संत्रीवाली
ताई, पत्रं वाळवीपासून जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, ओल धरते. सुती कापडात गुंडाळा. आधी प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा.

काकाजींची_पुतणी
आजच काढते. आणि शर्यतीला नाव द्यायला घरच्या सगळ्यांची हो आहे. एकच अट, वैमानिक लिहायचं नाही.

अडाणकाठ
फ्लेक्सवाल्याला नवा मजकूर दिला. ग्रुपवर जे रागावले होते त्यांना पदकाच्या कडेचा फोटो पाठवला. त्यातला सर्वात जास्त चिडलेला आमचा वर्गमित्र आज स्वतः शाळेत गेला आणि फळ्यावरचं सिमेंट खरडून आला. लाकडी पट्टीने, अक्षर न दुखवता.

तारखेचा प्रश्न आहे. काही जण ८ ऑक्टोबर, हवाई दल दिन म्हणताहेत.

मोतीबागेचा_पोट्टा
ऑक्टोबरात कोण येते? सोयाबीन काढणी, वरून कापूस वेचणीला सुरुवात. पोट्टे वावरात राहतात. गॅदरिंगलाच ठेवा.

खोखो_गडी
आणि अंतर ४४० यार्डच ठेवा! ४०० नको. ४४० यार्ड म्हणजे ४०२ मीटर ३४ सेंटिमीटर. तुमच्या मैदानावर २०० चा गोल बसत असेल तर दोन फेऱ्या आणि वर २ मीटर ३४. सुरुवातीची रेषा तेवढी मागे घ्या.

अडाणकाठ
पसंत. हे कोणाला सुचलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठसका
चुना माझ्याकडून. दोन पोती पाठवतो.

अडाणकाठ
उशिरा लिहितोय. गॅदरिंग काल झालं. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर अजून यायचंय, ताईंचा अर्ज गेलाय.

फळा नवीन व्हरांड्यात लावला. पेंटर म्हणाला अक्षरं पुन्हा गिरवून देतो, चौकटीवर गेलेलं अक्षरही आत घेतो. नको म्हटलं. खाली वेगळी छोटी पाटी लावली: 'कॉर्पोरल, आर्मामेंट फिटर, भारतीय हवाई दल. १९६५ व १९७१.' मास्तरीणबाई ८० किलोमीटरवरून आल्या, त्यांनी मुलांना पेटीची गोष्ट सांगितली. जुना_वायुसैनिक दादांना गुडघ्यामुळे जमलं नाही, पण फोन स्पीकरवर होता. कोणी हसलं नाही, उलट एका पोराने विचारलं की पेटीचं वजन किती असते. दादांनी फोनवरूनच सांगितलं, "एकट्याला उचलत नाही एवढं."

टेप धरून मीच रेषा आखली, २ मीटर ३४ मागे. मुलींच्या शर्यतीत नववीतली एक पोरगी पहिली आली, १ मिनिट ११ सेकंद. अनवाणी धावली. शेवटच्या वळणावर पुतणी दोरीपाशी उभी होती, "मुठी सोड" म्हणून एवढ्या जोराने ओरडली की घोषणा करणारे सर थांबले. पोरीने खरंच सोडल्या.

खोखो_गडी
अनवाणी, काळ्या मातीवर १:११?? तिला पुढच्या महिन्यात तालुक्याला उतरवा. स्पाइक मी पाठवतो. पायाचा नंबर सांगा.

अडाणकाठ
तिच्या वडिलांना विचारून सांगतोय. ४ नंबर.